उपाधी, स्वाक्षरी, शपथ : अमेरिकी अभियंता-संस्थांच्या इतिहासाचे एक वाचन

साहित्याच्या अभ्यासकाने कोणता मजकूर वाचावा आणि कोणता सोडून द्यावा, यासंबंधी आपल्याकडे काही अलिखित संकेत आहेत. आत्मचरित्र, पत्रव्यवहार, रोजनिशी यांना अभ्यासात आता मानाचे पान मिळू लागले आहे. व्यावसायिक संस्थांची वार्तापत्रे मात्र अजून उंबरठ्याबाहेरच उभी आहेत. ती नीरस असतात, हे खरेच. अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या व्यावसायिक अभियंता-संस्थेचे वार्तापत्र उघडावे, तर आत काय सापडते? परवान्याच्या परीक्षेच्या तारखा, नूतनीकरणाच्या सूचना, वार्षिक भोजनसमारंभाचा वृत्तान्त, ‘वर्षातील अभियंता’ या पुरस्काराच्या मानकऱ्याचे छायाचित्र, शाळकरी मुलांच्या गणित-स्पर्धेचा निकाल, आणि फेब्रुवारीतील अभियंता-सप्ताहाचा कार्यक्रम. हा सप्ताह १९५१ साली सुरू झाला. जॉर्ज वॉशिंग्टन हे तरुणपणी जमिनीची मोजणी करीत असत, म्हणून तो त्यांच्या जयंतीच्या सुमारास साजरा होतो. हे सारे वाचून कोणाच्या मनात तरंगही उठू नये.

तरीही या मजकुराच्या मागे जो इतिहास उभा आहे, तो शब्दांशी नाते सांगणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते. कारण तो मुख्यतः तीन शाब्दिक कृतींचा इतिहास आहे : स्वतःला एक नाव लावणे, कागदाखाली सही करणे आणि चारचौघांसमक्ष वचन देणे. नाव, सही आणि वचन यांना अर्थ कोठून येतो, हा प्रश्न साहित्यमीमांसेला नवा नाही. अभियंत्यांच्या बाबतीत मात्र त्या अर्थाची किंमत अनेकदा माणसांच्या प्राणांनी मोजली गेली आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत अभियंत्याचा परवाना हा संघराज्याचा विषय नसून प्रत्येक राज्याचा विषय आहे. परवाना देणारे मंडळ शासकीय असते. संस्था ही त्याहून निराळी, स्वेच्छेने एकत्र आलेल्या अभियंत्यांची. मंडळ कायद्याने बोलते, तर संस्थेच्या हाती समजूत, आर्जव आणि सदस्यांची लाज एवढीच साधने असतात. आमचा रोख मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या संघटनेवर आहे.

उपाधी

‘इंजिनिअर’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘इंजेनियम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता. पण अमेरिकी इंग्रजीत रेल्वेचे इंजिन चालविणाऱ्यालाही हाच शब्द लावतात, आणि यंत्रघरातील बाष्पपात्र सांभाळणाऱ्यालाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द एखाद्या गावच्या चावडीसारखा झाला होता. कोणीही यावे आणि बसावे. पूल बांधणारे, कालवे खणणारे, भूमापन करणारे लोक याच शब्दाखाली उभे होते आणि त्यांच्या शेजारी ज्याला काहीच येत नाही असा मनुष्यही उभा राहू शकत होता.

या शब्दाभोवती पहिले कुंपण पडले ते वायोमिंग या विरळ वस्तीच्या, कोरड्या राज्यात. तेथे पाणी हीच संपत्ती. नदीतून पाणी घ्यायचे तर राज्याच्या मुख्य अभियंत्याकडे नकाशासह अर्ज करावा लागे. क्लॅरेन्स जॉन्स्टन या पदावर असताना त्यांच्या लक्षात आले, की हे नकाशे वकील, नोटरी आणि ज्यांचा मोजणीशी संबंध नाही असे इतर लोकही काढीत आहेत आणि खाली अभियंता किंवा भूमापक म्हणून बिनदिक्कत सही ठोकीत आहेत. नकाशा चुकला तर शेजाऱ्याचे पाणी तुटणार. अशा परिस्थितीतून १९०७ साली अमेरिकेतील पहिला अभियंता-परवाना कायदा जन्मला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चार्ल्स बेलामी यांना देशातील पहिला परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी लुईझियानाने तसा कायदा केला, आणि होता होता १९५० पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. कुंपण घातले की आतल्यांचा लाभ होतो आणि बाहेरच्यांची गैरसोय. लोकहिताची भाषा आणि धंद्याच्या रक्षणाची भाषा पहिल्या दिवसापासून एकमेकींत विणलेल्या आहेत. १९३४ साली, मंदीच्या ऐन काळात, जेव्हा असंख्य अभियंते बेकार होते, तेव्हा न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट या चार राज्यांच्या संस्था एकत्र येऊन व्यावसायिक अभियंत्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक व पहिले अध्यक्ष डेव्हिड स्टाइनमन. ब्रुकलिन पुलाच्या सावलीत, स्थलांतरितांच्या गरीब घरात वाढलेला हा मनुष्य पुढे मोठा सेतुकार झाला. मिशिगनमधील मॅकिनॅक सामुद्रधुनीवरचा, १९५७ साली खुला झालेला पूल त्यांचाच. आमच्या वाचकांना याहून कुतूहलाची वाटेल अशी बाब म्हणजे स्टाइनमन कविता लिहीत असत. पुलांवरच्या त्यांच्या कवितांचा संग्रह १९५५ साली निघाला, आणि ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या रोब्लिंग पितापुत्रांचे चरित्रही त्यांनी लिहिले. अभियंत्यांना एक संघटित आवाज आणि एक प्रतिष्ठित नाव हवे, हा त्यांचा आग्रह होता. शब्दांचे मोल जाणणाऱ्या मनुष्याने तो धरावा, यात नवल नाही.

पण नावावर अतोनात पहारा ठेवला की काय घडते, याचे उदाहरण ऑरेगॉन राज्यात अलीकडे दिसले. स्वीडनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या एका गृहस्थांनी चौकातील पिवळ्या दिव्याच्या कालावधीचे सूत्र तपासले. वळण घेणारे वाहन वेग कमी करते, ही गोष्ट त्या सूत्रात धरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांनी राज्याच्या परवाना-मंडळास कळविले आणि पत्रात स्वतःस अभियंता म्हटले. मंडळाने सूत्राचा विचार बाजूस ठेवून, परवान्याविना ‘अभियंता’ हा शब्द वापरल्याबद्दल त्यांनाच ५०० डॉलर दंड केला! प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने निर्णय दिला, की ‘अभियंता’ हा शब्द सर्वस्वी कुंपणात कोंडता येणार नाही आणि स्वतःस तसे म्हणवून घेणे हा त्या गृहस्थांच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. पुढे २०२० साली वाहतूक-अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या वाहनांच्या बाबतीत आपल्या सूत्रात सुधारणाही केली. वायोमिंगमध्ये जे कुंपण शेजाऱ्याचे पाणी वाचविण्यासाठी घातले गेले, तेच एक शतकानंतर एका रास्त शंकेच्या आड आले.

स्वाक्षरी

परवानाधारक अभियंत्याकडे एक गोल शिक्का असतो. त्यावर त्याचे नाव, राज्याचे नाव आणि अनुक्रमांक. आराखड्यावर शिक्का उमटवून त्याने सही केली, की तो आराखडा त्याचा झाला. बांधकामात पुढे काही बिघडले, तर कोणाकडे बोट दाखवायचे हे ठरलेले असते. लेखकाच्या नावाचा प्रश्न टीकाकारांनी पुष्कळ चघळला आहे. लेखक ‘मृत’ झाला तरी संहिता उरते, असेही म्हणून झाले. आराखड्याच्या बाबतीत ही चैन परवडत नाही. तेथे कर्ता जिवंत आणि पत्त्यासह हजर असावा लागतो.

ही गोष्ट टेक्सस राज्याला ज्या रीतीने शिकावी लागली, ती फार दारुण आहे. पूर्व टेक्ससमध्ये १९३० च्या सुमारास तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि न्यू लंडन या लहानशा वस्तीची शाळा देशातील अत्यंत धनवान ग्रामीण शाळांमध्ये गणली जाऊ लागली. इमारत मोठी, उतारावर बांधलेली. खाली मोकळी बंदिस्त पोकळी. मध्यवर्ती तापनव्यवस्थेऐवजी खोल्याखोल्यांत वायूचे तापक बसविले होते. १९३७ च्या आरंभी शाळेने विकतचा वायू बंद केला आणि तेलक्षेत्रातून जाणाऱ्या टाकाऊ वायूच्या नळीला जोड घेतली. परिसरात अनेकजण तसे करीत. बचत होती ती दरमहा काही शे डॉलरची. या वायूस रंग नव्हता आणि वासही नव्हता. १८ मार्च १९३७ रोजी, दुपारी तीन वाजून गेल्यावर, कर्मशाळेतील एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि तळघरात साठलेला वायू पेटला. सुमारे तीनशे माणसे मेली. त्यांत बहुतेक मुले होती. ढिगाऱ्यात एक फळा सापडला, असे सांगतात. तेल आणि नैसर्गिक वायू हे या प्रदेशाला मिळालेले वरदान आहे, ते नसते तर ही शाळाही नसती, अशा आशयाचे वाक्य त्यावर लिहिलेले होते. यापेक्षा अधिक कठोर उपरोध कोणा कथाकाराने रचला असता, तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते.

टेक्ससमध्ये तोवर अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा नव्हता. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तो संमत केला. वायूमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्तीही याच दुर्घटनेनंतर आली. स्वयंपाकाचा गॅस गळू लागला की आपल्या नाकाला जो वास जाणवतो, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि तो घालण्याची सक्ती होण्यामागे न्यू लंडनची मुले आहेत, हे कितीजणांस ठाऊक असते?

एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण बहुतेक राज्यांच्या कायद्यांत एक खिडकी उघडी ठेवली गेली. कारखान्यांत आणि सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांना परवान्यातून सूट मिळाली. परिणामी अमेरिकेतील बहुसंख्य अभियंते आजही परवान्याविना काम करतात. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक खोऱ्यात १३ सप्टेंबर २०१८ रोजी काय झाले, ते या खिडकीतूनच समजते. तेथे वायूची जुनी ओतीव लोखंडी नळी बदलून नवी प्लॅस्टिकची घालण्याचे काम चालले होते. दाब मोजणाऱ्या संवेदक नळ्या जुन्या नळीलाच जोडलेल्या राहिल्या. जुनी नळी तोडताच तिच्यातील दाब उतरू लागला; नियंत्रकाला वाटले की जाळ्यातच दाब कमी पडतो आहे, आणि त्याने वायू सोडण्याचा सपाटा लावला. तीन गावांतील घराघरांत स्फोट व आगी झाल्या. अठरा वर्षांचा एक तरुण दगावला. केंद्रीय चौकशी-मंडळाने दोनच महिन्यांत सांगितले, की या कामाच्या आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याचा शिक्का नव्हता, आणि ही सूट काढून टाकावी. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा झाला.

१९३७ आणि २०१८. दोन्ही वेळी वायू, दोन्ही वेळी आधी प्रेत आणि मागाहून कायदा. अभियंता-संस्था शिक्क्याचे महत्त्व विधिमंडळांसमोर वर्षानुवर्षे मांडीत असतात, आणि ते म्हणणे धंद्याच्या स्वार्थाचे म्हणून कानाआड केले जाते. ते काही अंशी स्वार्थाचे असतेही. पण तेवढ्यामुळे ते खोटे ठरत नाही. ऐकणाऱ्याची अडचण येथेच आहे.

शपथ

शिक्का कागदावर उमटतो. मनावर उमटवायचे काही साधन असावे, असे वाटून अभियंत्यांनी शपथेचा आश्रय घेतला. या शपथेच्या कथेत मराठी वाचकाच्या परिचयाचा एक लेखक भेटतो, आणि तीही अमेरिकेत नव्हे, शेजारच्या कॅनडात.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल बांधला जात होता. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला गेला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब पुन्हा नीट केला नाही. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर वयोवृद्ध, न्यू यॉर्कमध्ये बसलेला. खालचे पोलादी अवयव वाकू लागल्याचे पाहून जागेवरचा तरुण अभियंता त्याला भेटायला आगगाडीने न्यू यॉर्कला गेला. भार वाढवू नये, अशी तार कूपरने केली. ती वेळेवर पोहोचली नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला व ७५ कामगार मेले. दुसऱ्या प्रयत्नात, १९१६ मध्ये, मधला गाळा वर चढविताना नदीत पडून आणखी तेराजण गेले.

पुढे १९२२ साली टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक हॉल्टेन यांनी अशी कल्पना मांडली, की नव्या अभियंत्यांसाठी एखादा संस्कारविधी असावा. तो लिहून द्यावा म्हणून त्यांनी रड्यार्ड किप्लिंग यांना पत्र घातले. १८६५ साली मुंबईत जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकविणाऱ्या लॉकवूड किप्लिंग यांचे हे चिरंजीव. त्यांची निवड आकस्मिक नव्हती. गंगेवरील पुलाच्या बांधकामाची आणि पुराची त्यांची ‘द ब्रिज-बिल्डर्स’ ही कथा १८९३ मधली; आणि १९०७ मध्ये, म्हणजे क्वेबेकचा पूल पडला त्याच वर्षी, ‘द सन्स ऑफ मार्था’ ही कविता प्रसिद्ध झाली होती. बायबलातील मार्था आणि मेरी या बहिणींपैकी मेरी प्रभूच्या पायाशी बसून ऐकते व मार्था घरकामात राबते. जगाची गाडी चालती ठेवणारे लोक हे मार्थेचे वंशज, अशी त्या कवितेची कल्पना.

किप्लिंगने विधी लिहून दिला आणि २५ एप्रिल १९२५ रोजी माँट्रिऑल येथे तो प्रथम झाला. तेव्हापासून कॅनडातील अभियंते हाताच्या करंगळीत एक साधी, खडबडीत लोखंडी अंगठी घालतात. ज्या हाताने लिहायचे वा रेघ ओढायची, त्याच हातात. कागदावरून हात फिरताना ती टेकावी म्हणून. पहिल्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या, ही लोककथा सर्वतोमुखी आहे. ती खरी नाही; पण लोकांना ती खरी वाटावीशी वाटते, हेच तिचे सत्य म्हणावे लागेल. किप्लिंगची साम्राज्यवादी दृष्टी आपल्या परिचयाची आहे, आणि कॅनडातही अलीकडच्या वर्षांत या संहितेचा पुनर्विचार व्हावा, अशी मागणी उठली. विधीचा कर्ता निर्दोष असावा लागतो काय, हा वाद आपल्यालाही अपरिचित नाही.

अमेरिकी अभियंत्यांना या अंगठीचे आकर्षण होते; परंतु कॅनडाचा विधी त्यांना जसाच्या तसा उचलता आला नाही. तेव्हा ओहायो राज्याच्या व्यावसायिक अभियंता-संस्थेने पुढाकार घेऊन स्वतंत्र विधी घडविला. ४ जून १९७० रोजी क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात त्याचा पहिला समारंभ झाला. अंगठी येथे पोलादाची, गंज न चढणारी. आणि शपथही गुप्त नव्हे, कोणीही वाचावी अशी. लोकांच्या हिताला बांधील राहण्याचे, प्रामाणिक व्यवहाराचे वचन तिच्यात आहे. राष्ट्रीय संस्थेच्या नीतिसंहितेतही पहिले स्थान लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांनाच दिलेले आहे; मालकाचा क्रम त्यानंतरचा.

कसोटी

ओहायोच्या समारंभाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच कॅलिफोर्नियात या वचनाची परीक्षा झाली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती ‘बार्ट’ नावाची नवी रेल्वे उभी राहत होती. गाड्यांचा वेग, थांबणे, सुटणे सारे संगणक सांभाळणार, हे तिचे वैशिष्ट्य. होल्गर योर्ट्सवांग, रॉबर्ट ब्रुडर आणि मॅक्स ब्लँकेंझी हे तिघे अभियंते तेथे नोकरीस होते. स्वयंचलित नियंत्रणाची चाचणी पुरेशी होत नाही, देखरेख सैल आहे, अशी त्यांची तक्रार होती. वरिष्ठांना सांगून झाले; काही हलले नाही. १९७१ च्या अखेरीस एक टिपण कार्यालयात फिरले. त्यावर सही नव्हती. पुढे तिघांनी संचालक-मंडळातील एका सदस्याशी संधान बांधले, बातमी वर्तमानपत्रांत आली आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये संचालक-मंडळाने दहा विरुद्ध दोन मतांनी व्यवस्थापनावर विश्वास व्यक्त केला. टिपणामागे कोण, याचा शोध सुरू झाला. विचारल्यावर तिघांनी आधी कानावर हात ठेवले. मार्चच्या आरंभी तिघांनाही काढून टाकण्यात आले.

तेव्हा ते कॅलिफोर्नियाच्या व्यावसायिक अभियंता-संस्थेकडे गेले. संस्थेच्या स्थानिक शाखेने प्रकरण हाती घेतले, चौकशी केली, आपले निष्कर्ष राज्याच्या विधिमंडळापर्यंत नेले. एरवी भोजनसमारंभांचे वृत्तान्त छापणारी संस्था प्रथमच खऱ्या अर्थाने कोणाच्या तरी मागे उभी राहिली होती. ११ सप्टेंबर १९७२ रोजी रेल्वे सुरू झाली. तीन आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, फ्रीमाँट या शेवटच्या स्थानकात शिरणारी गाडी थांबण्याऐवजी वेग घेऊन मार्गाच्या टोकापलीकडे वाळूच्या ढिगात घुसली. नियंत्रणातील एका स्फटिक-आंदोलकाने दगा दिला होता. काही प्रवासी जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाच्या विश्लेषकाचा अहवाल आला आणि त्यात सुरक्षिततेच्या प्रश्नावर कडक टीका होती.

एवढ्यावर कथा संपली असती, तर ती बोधकथा झाली असती. पण संस्थेतच मतभेद झाले. या तिघांचे वर्तन व्यवसायाला शोभणारे होते काय, निनावी टिपण काढणारा मनुष्य आपला कसा मानायचा, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. सार्वजनिक बांधकामांच्या कंत्राटांवर ज्यांचे पोट होते असे सदस्यही संस्थेत होतेच. पाठिंब्याची धार ओसरली. तिघांनी दावा लावला. त्यात विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ साली न्यायालयापुढे स्वतंत्र निवेदन करून सांगितले, की लोकांची सुरक्षितता जपणे हा अभियंत्याच्या नोकरीच्या करारातच गृहीत असलेला भाग मानावा. पण वरिष्ठांशी आधी खोटे बोलल्याची गोष्ट आड येणार, हे दिसत होते. अखेर न्यायालयाबाहेर तडजोड झाली. पर्ड्यू विद्यापीठातील चार अभ्यासकांनी १९८० साली ‘डिव्हायडेड लॉयल्टीज’ या ग्रंथात हे सारे प्रकरण मांडले, आणि त्या शीर्षकातील दुभंगलेली निष्ठा तिघांइतकीच संस्थेलाही लागू पडते.

आम्हांस या प्रकरणात विशेष अर्थपूर्ण वाटते ती ती न केलेली सही. ज्या व्यवसायाने स्वाक्षरीला सर्वस्व मानले, त्या व्यवसायातील तीन शहाण्या माणसांना सर्वांत महत्त्वाच्या मजकुराखाली सही करण्याचे धैर्य झाले नाही. दोष त्यांचा म्हणावा, तर तो आहेच. पण आराखड्यावरच्या सहीमागे कायदा उभा असतो. इशाऱ्यावरच्या सहीमागे कोण उभे राहणार होते? ती जागा संस्थेची होती.

१९७८ या एकाच वर्षात घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या वर्षी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने या तिघांना लोकहितार्थ केलेल्या सेवेबद्दल पुरस्कार दिला. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेविरुद्ध निकाल दिला. अभियंत्याची निवड होण्यापूर्वी शुल्काची स्पर्धा करू नये, असा संस्थेचा नियम होता. स्पर्धेमुळे काम हलके होईल आणि लोकांच्या जिवाला धोका पोहोचेल, असे तिचे समर्थन. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी ते अमान्य केले. स्पर्धाच घातक आहे, हा युक्तिवाद मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे टिकत नाही, असे सांगितले. लोकांची सुरक्षितता हे तेच शब्द. एके ठिकाणी ते तीन माणसांनी नोकरी गमावून उच्चारले होते, दुसऱ्या ठिकाणी दरपत्रकाच्या रक्षणासाठी.

यावरून अशा संस्थांचा सारा व्यवहार ढोंगाचा आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वायोमिंगमधील पाण्याचे नकाशे सुधारले. टेक्ससमध्ये शाळेच्या आराखड्याखाली कोणाचे तरी नाव आले. ओहायोत सुरू झालेली अंगठी आज असंख्य तरुण अभियंत्यांच्या बोटात आहे आणि त्यांपैकी कित्येकांना ती कधीतरी टोचतही असेल. जो समूह नाव, सही आणि वचन यांना जपतो, तो निदान त्यांचा हिशेब मागण्याची सोय ठेवतो. ज्या समूहाने असे काही उच्चारलेच नाही, त्याला जाब तरी कशाच्या आधारे विचारणार?

म्हणून ही नीरस वार्तापत्रे वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवावेत, असे आम्ही सुचवू. पहिला : यातला हा नियम, ही परीक्षा, हा शिक्का कोणत्या अपघातानंतर आला? दुसरा : या अंकात कोणाचे नाव नाही? पुरस्कार मिळालेल्यांची नावे असतात, निवर्तलेल्यांची असतात, नव्याने परवाना मिळालेल्यांची असतात. ज्याने वेळीच हरकत घेतली आणि त्यापायी नोकरी गमावली, त्याच्यासाठी सहसा सदर नसते. उपाधी कायद्याने राखता येते आणि शपथ समारंभाने घालता येते. हरकत घेणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे मात्र दर वेळी, त्या त्या माणसासाठी, नव्याने करावे लागते, आणि कोणत्याही व्यावसायिक संस्थेचे, मग ती अभियंत्यांची असो वा अध्यापकांची, मोजमाप अखेर तेथेच होते.